शंभर रूबलचा घोडा : चौल, जुन्नर आणि बीदर पाहिलेला एक रशियन व्यापारी

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज लढाई नाही, तह नाही. आज आहे एक व्यापारी आणि त्याचा घोडा. घोडा एकच बरं का. तांडा नाही, पागा नाही. एक घोडा, आणि त्याच्यावर लावलेलं माणसाचं सगळं भांडवल.

तुमच्यापैकी बरेच जण कामानिमित्त परक्या शहरात गेले असतील. पहिल्यांदा गेल्यावर काय होतं? विमानतळाबाहेर पडलो की आधी वास वेगळा येतो. मग लोक कसे दिसतात, काय घालतात ते बघतो. मग जेवणाचा प्रश्न येतो. आणि सगळ्यात शेवटी, हॉटेलच्या खोलीत एकटं बसल्यावर पोटात गोळा येतो, की बाबा रे, आपण ज्या कामासाठी आलोय ते काम होणार का?

हेच सगळं साडेपाचशे वर्षांपूर्वी एका माणसाच्या बाबतीत घडलं. आणि घडलं कुठे? आपल्या चौलला, आपल्या जुन्नरला आणि मग बीदरला. त्या माणसाचं नाव अफनासी निकितिन. रशियातल्या त्वेर नावाच्या शहराचा व्यापारी. त्वेर म्हणजे मॉस्कोच्या वायव्येला, व्होल्गा नदीच्या काठावर. तिथून निघालेला माणूस भर पावसाळ्यात जुन्नरला अडकून पडतो, आणि जे दिसेल ते वहीत लिहून ठेवतो. ते लिखाण आज 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ओळखलं जातं. तीन समुद्र म्हणजे कॅस्पियन, आपला हिंदी महासागर आणि काळा समुद्र.

काळ कुठला? तो भारतात 1469 ते 1472 या दरम्यान होता असं पूर्वीपासून मानलं जातं. काही अभ्यासक ही तारीख दोन वर्षं पुढे नेतात. आपल्यासाठी इतकं पुरे की वास्को द गामा 1498 साली कालिकतला उतरला, त्याच्या पाव शतक आधीची ही गोष्ट आहे. निकितिन काही भारतात आलेला पहिला युरोपियन नव्हे. त्याच शतकात त्याच्या आधी निकोलो दे कोंती नावाचा व्हेनिसचा व्यापारी विजयनगर वगैरे बघून गेला होता. पण आपल्या मुलखातून, सह्याद्री चढून, इथल्या चिखलातून चालत गेलेल्या माणसाने स्वतः लिहिलेलं इतकं जुनं वर्णन क्वचितच सापडतं.

निघाला कुठे, पोचला कुठे

पहिली गोष्ट म्हणजे त्याला भारतात यायचंच नव्हतं.

तो निघाला होता शिरवानला. म्हणजे आजच्या अझरबैजानचा भाग. तिथल्या शाहाचा वकील मॉस्कोला आला होता, तो परत जात होता. त्याच्या सोबतीने जावं, वाटेत संरक्षण मिळेल, असा हिशोब. नावा व्होल्गातून खाली निघाल्या. आस्त्राखानजवळ तातारांनी त्यांना गाठलं आणि लुटलं. माल गेला. आणि मालाबरोबर निकितिनची पुस्तकंही गेली. ही पुस्तकं लक्षात ठेवा, पुढे त्यांचा संबंध येणार आहे. उरलेले कॅस्पियन समुद्रात शिरले तर वादळ. एक नाव किनाऱ्यावर आपटली आणि तिच्यातल्या लोकांना स्थानिक टोळीने धरून नेलं.

मग हे सगळे शिरवानच्या शाहाकडे गेले. म्हणाले, महाराज, आम्हाला घरी जाण्यापुरतं तरी काही द्या. शाहाने काही दिलं नाही, कारण मागणारे खूप होते.

इथे निकितिन एक फार साधी गोष्ट लिहितो. ज्यांचं रशियात काहीतरी होतं ते रशियात परत गेले, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं ते जिकडे डोळे नेतील तिकडे गेले. तो स्वतः परत गेला नाही. म्हणजे तो कुठल्या गटात होता ते आपण समजून घ्यायचं. उसनवारीवर माल घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हाताने गावात कसा परतणार? आपल्याकडेही दुकान बुडालेला माणूस काही दिवस गावाकडे तोंड दाखवत नाही. हे तेच.

तर हा बाकू, मग समुद्र ओलांडून इराण. सारी, आमूल, रे, काशान, यज्द असं करत करत होर्मुझ. होर्मुझ म्हणजे इराणच्या आखाताच्या तोंडावरचं बेट आणि त्या काळची फार मोठी बाजारपेठ. तिथे त्याने एक घोडा घेतला.

घोडाच का?

कारण दख्खनमध्ये घोड्याला सोन्याचा भाव होता. आपल्याकडची हवा आणि चारा चांगल्या जातीच्या लढाऊ घोड्यांना मानवत नाही. आणि इथे तर दोन मोठी राज्यं एकमेकांसमोर उभी. उत्तरेला बहमनी, दक्षिणेला विजयनगर. दोघांनाही घोडदळ हवं. मग अरबस्तान, इराण इथून जहाजं भरून घोडे यायचे चौलला, दाभोळला, गोव्याला. वाटेत किती मरायचे. जे जगायचे त्यांची किंमत काय सांगावी!

निकितिनला होर्मुझमध्ये कुणीतरी सांगितलं असणार की हिंदुस्थानात घोडा ने, आणि येताना तिकडचा माल आण, तुझं भलं होईल. त्याने शंभर रूबल त्या घोड्यात घातले. हा आकडा त्यानेच लिहून ठेवलाय. मस्कत, दीव, खंबायत असं करत जहाज चौलला लागलं. त्या जहाजाला तो 'तावा' म्हणतो. सहा आठवडे त्या तव्यावर हा आणि त्याचा घोडा.

चौल : बघणारा कोण, आणि बघितला जाणारा कोण?

आज अलिबागहून रेवदंड्याला जाताना चौल लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, देवळं, शांत गाव. तेव्हा ते गजबजलेलं बंदर होतं.

पहिल्याच दिवशी निकितिनला काय दिसलं? उघडे लोक. रशियातून आलेल्या, फर पांघरणाऱ्या माणसाला त्याचाच धक्का बसला. डोक्यावर काही नाही, अंगावर काही नाही, केसांची एक वेणी. इथला सरदार म्हणजे काय, तर डोक्याला एक कापड आणि कंबरेला एक कापड. बायकांचंही तसंच. मुलं भरपूर. सगळे काळे.

बरं, आता हे ऐकून रागावू नका. कारण पुढच्याच वाक्यात गंमत आहे. तो लिहितो की मी जाईन तिथे माझ्यामागे माणसांचा घोळका लागतो, गोऱ्या माणसाचं त्यांना नवल वाटतं. म्हणजे हा चौलकरांना बघतोय आणि चौलकर ह्याला बघताहेत. हा त्यांच्या कपड्यांना हसतोय, आणि भर उन्हात अंगभर कपडे घालून घाम पुसणाऱ्या ह्या माणसाला बघून चौलची पोरं काय म्हणत असतील ते आपल्याला सहज कळतं. त्यांच्यातल्या कुणी वही लिहिली नाही, एवढाच फरक.

जुन्नर : पावसाळ्यातला मुक्काम

चौलहून तो जमिनीच्या रस्त्याने निघाला. आठ दिवसांनी पाली. पुढे घाट चढून उमरी नावाचं एक गाव, आणि तिथून सहा दिवसांनी जुन्नर. एकूण तीनेक आठवडे लागले. आज चौलहून जुन्नरला गाडीने एका दिवसात आरामात पोचता येतं.

जुन्नरला पोचला आणि पाऊस लागला. तो म्हणतो, इथे हिवाळा सुरू झाला. बरोबर आहे, त्याच्या डोक्यात ज्या ऋतूत वाटा बंद होतात आणि माणूस घरात बसतो तो हिवाळा. पावसाळा नावाचा स्वतंत्र ऋतू त्याच्याकडे नव्हताच. चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल, असं तो लिहितो. आणि ह्याच दिवसांत लोक नांगरतात, पेरतात हेही त्याने पाहिलंय. बर्फाच्या देशातल्या माणसाला याचं केवढं आश्चर्य! त्याच्या हिवाळ्यात शेत झोपतं, आपल्या 'हिवाळ्यात' शेत उठतं.

आणि घोड्याचं जेवण बघा. घोड्याला काय देतात? कडधान्य, आणि तूप-साखर घालून शिजवलेली खिचडी. 'खिचडी' हा शब्द त्याने आपल्या रशियन लिपीत चक्क लिहून ठेवलाय. मंडळी, पंधराव्या शतकातल्या रशियन वहीत खिचडी! त्याने हे कौतुकाने लिहिलं की पोटात कालवाकालव होऊन, देव जाणे. कारण ह्या खिचडीचे पैसे त्याच्याच खिशातून जात होते.

जुन्नरच्या गडाचंही वर्णन आहे. शहर एका खडकावर आहे, त्याला कुणी तट बांधलेला नाही, देवानेच ते तसं घडवलंय. वर जायला एकच अरुंद वाट, दोन माणसं एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. हे वाचलं की कुठल्याही जुन्नरकराच्या डोळ्यासमोर शिवनेरी उभा राहतो. आणि त्याच शिवनेरीवर 1630 साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला, म्हणजे निकितिननंतर दीडशेहून जास्त वर्षांनी.

तेव्हा जुन्नरचा कारभारी होता असद खान. आणि असद खानाच्या वर होता मलिक-उत-तुज्जार. ही पदवी आहे, अर्थ 'व्यापाऱ्यांचा राजा'. हा माणूस म्हणजे बहमनी राज्याचा सुप्रसिद्ध वजीर महमूद गवान. तोही मूळचा परका. इराणमधल्या गिलानचा. तोही व्यापार करत दाभोळला उतरला आणि बीदरला गेला. त्याला दरबारात जागा मिळाली आणि तो वजिरीपर्यंत चढला. म्हणजे दख्खनमध्ये परक्या व्यापाऱ्याचं काय होऊ शकतं याची दोन टोकं एकाच वेळी इथे होती. वरच्या टोकाला गवान. खालच्या टोकाला, चिखलात, आपला निकितिन.

चार दिवसांची मुदत

आणि मग ते घडलं ज्यासाठी मी म्हटलं की ही घोड्याची गोष्ट आहे.

खानाने निकितिनचा घोडा काढून घेतला. आणि त्याला कळलं की हा मुसलमान नाही, रशियन आहे, ख्रिस्ती आहे. खानाने सांगितलं, आमचा धर्म घे, तुझा घोडा परत देतो, वर एक हजार सोन्याची नाणी देतो. आणि नाही घेतलास, तर घोडाही गेला, आणि तुझ्या डोक्यासाठी हजार नाणी तुलाच भरावी लागतील. मुदत चार दिवस.

जरा त्या माणसाच्या जागी उभे राहा. घरापासून हजारो मैल. गाठीला असलेलं सगळं त्या घोड्यात. गावात एक ओळखीचा नाही. बाहेर पाऊस. मागे रशियात बहुधा कर्ज. आणि समोर सौदा असा की नुसतं हो म्हटलं तर आहे ते परत मिळतं आणि वर नफाही होतो. व्यापारी म्हणून विचार केला तर उत्तर सोपं आहे. किती तरी लोकांनी हो म्हटलं असतं, आणि त्यांना नावं ठेवायला आपण कोण?

निकितिनने हो म्हटलं नाही. पण तो शूरवीरासारखा छाती काढून उभा राहिला असंही नाही. तो घाबरला, त्याने प्रार्थना केली, आणि वाट बघत बसला. मुदत संपायच्या आदल्या दिवशी खुरासानचा एक बडा माणूस जुन्नरला आला. त्याचं नाव तो महंमद असं देतो. निकितिनने त्याच्याकडे जाऊन विनवणी केली, माझ्यासाठी शब्द टाका. तो माणूस घोड्यावर बसून वर खानाकडे गेला, बोलला, आणि घोडा घेऊन परत आला. धर्मांतराची मागणीही मागे घेतली गेली.

इथे एक गोष्ट नीट बघा. त्याला पेचात टाकणारा मुसलमान होता, आणि त्यातून सोडवणाराही मुसलमानच होता. एकाकडे सत्ता होती, दुसऱ्याकडे वजन होतं, आणि त्याने ते एका अनोळखी, भिन्नधर्मी व्यापाऱ्यासाठी वापरलं. निकितिन त्याला देवाचा चमत्कार म्हणतो, कारण त्या दिवशी त्याच्या धर्मातला सण होता. आपण त्या खुरासानी माणसाचंही नाव घेऊया.

ह्या प्रसंगानंतर निकितिन लगेच आपल्या रशियन भावांना सल्ला देतो. ज्याला हिंदुस्थानात यायचं असेल त्याने आपला धर्म घरीच ठेवून यावं. आणि त्याच दमात धंद्याचंही सांगतो. मला लोकांनी थापा मारल्या, चक्क शिवी हासडतो तो, की इथे आपल्याकडे नेण्यासारखा माल भरपूर आहे. काहीही नाही. मिरी आणि रंग स्वस्त आहेत, पण जकात इतकी की परवडत नाही, आणि समुद्रावर लुटारू. पाच-सहा ओळींत आख्खा बाजार-अहवाल. आजच्या भाषेत सांगायचं तर कंपनीने पाठवलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात कळवलं, इथे आपलं दुकान चालणार नाही.

बीदर : बाहेरून दिसलेलं शहर

पाऊस ओसरू लागल्यावर तो घोडा घेऊन बीदरला निघाला. एक महिन्याची वाट. बीदर म्हणजे बहमनींची राजधानी. त्याने पाहिलेलं सगळ्यात मोठं दख्खनी शहर.

काय दिसलं? बाजारात घोडे, रेशमी कापड आणि विकायला उभे केलेले काळे गुलाम. राजवाड्याला सात दरवाजे. प्रत्येक दरवाजावर शंभर पहारेकरी आणि शंभर कारकून. आत जाणाऱ्याचं नाव लिहायचं, बाहेर येणाऱ्याचं नाव लिहायचं. आज आपण सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव लिहितो ना, तसंच. परदेशी माणसाला मात्र आत प्रवेश नाही. आणि परदेश्यासाठी त्याने शब्द काय वापरलाय? 'गरीब'. फारसी-अरबीत 'गरीब' म्हणजे परका, घरापासून दूर असलेला. हाच शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ झाला पैसे नसलेला. निकितिनला दोन्ही अर्थ लागू होते.

रात्री शहरात कोतवालाचे हजार लोक घोड्यावरून, मशाली घेऊन गस्त घालायचे. रस्त्यांवर साप फिरतात, दोन पुरुष लांबीचे, असंही तो सांगतो. ईदेला सुलतानाची मिरवणूक निघाली, तिच्यात तीनशे हत्ती. अंगावर पोलादी झुली, पाठीवर बुरूज, बुरुजात सहा-सहा शस्त्रधारी, मोठ्या हत्तीवर बारा. सुळ्यांना तलवारी बांधलेल्या.

पण ह्या सगळ्या झगमगाटात त्याने एक वाक्य असं टाकलंय की त्यासाठी त्याला मानलं पाहिजे. तो म्हणतो, देशात माणसं खूप आहेत, खेड्यातले लोक अगदी दरिद्री आहेत आणि सरदार बलाढ्य आणि ऐषआरामी. सरदाराला चांदीच्या पालखीत बसवून नेतात, पुढे सोन्याच्या साजाचे वीस घोडे, मागे तीनशे स्वार, पाचशे पायदळ, दहा शिंगवाले, दहा नगारेवाले. हा हिशोब मांडायची व्यापाऱ्याची सवय आहे. हत्ती मोजायचे, नगारे मोजायचे. पण मोजता मोजता त्याला कळतं की हे सगळं कुणाच्या जिवावर चाललंय.

आणि सुलतान कोण? विशीतला तरुण. राज्य चालवतात ते खुरासानी सरदार. निकितिनने हे ओळखलं होतं. स्थानिक दख्खनी सरदार आणि बाहेरून आलेले परदेशी सरदार यांच्यातलं वैर हीच बहमनी राज्याची जुनी दुखरी नस होती. दहाएक वर्षांनी, 1481 साली, ह्याच वैरातून खोटं पत्र रचलं गेलं आणि त्या पत्रावर विश्वास ठेवून सुलतानाने महमूद गवानला ठार मारलं. पुढे राज्याचे तुकडे झाले. त्यातल्या एका तुकड्याचा, निजामशाहीचा, मूळपुरुष मलिक अहमद 1490 साली स्वतंत्र झाला. त्याचं ठाणं कुठलं? तेच आपलं जुन्नर. गवानने बीदरला बांधलेला मदरसा मात्र आजही उभा आहे. अर्धा पडलेला, एकच मनोरा उरलेला. निकितिन ज्या सुमारास बीदरच्या गल्ल्यांतून फिरत होता त्याच सुमारास, 1472 मध्ये, ते काम पूर्ण झालं.

ऐकीव गोष्टीही तो लिहितो. 'गुकुक' नावाचा एक पक्षी आहे, रात्री उडतो, ज्याच्या घरावर बसेल त्या घरात माणूस मरतो. घुबडाबद्दल आपल्या आज्या हेच सांगायच्या की नाही? माकडांचा एक राजा असतो आणि त्याचं सैन्य असतं, हेही त्याने ऐकलं आणि खरं मानलं.

आणि घोडा? बीदरजवळ आळंदला दरवर्षी मोठी जत्रा भरायची, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला यायचे. त्या गर्दीत ह्याचा एक. शेवटी त्याने तो बीदरमध्ये विकला. वर्षभर सांभाळला आणि अडुसष्ट नाणी खर्च झाली, एवढं लिहितो. विकला कितीला, ते लिहीत नाही. मंडळी, व्यापारी माणूस खर्च सांगतो, नफा सांगत नाही. हे तेव्हाही तसंच होतं.

खरं नाव सांगितल्यावर

आतापर्यंत आपण जे ऐकलं ते सगळं बाहेरून पाहिलेलं आहे. हत्ती, दरवाजे, कपडे, साप. कुठल्याही पाहुण्याला दिसेल असं. पण बीदरमध्ये एक बदल झाला.

इथे तो खोजा युसूफ खुरासानी या नावाने वावरत होता. सोयीचं नाव. बाजारात ते चालून जायचं. पण बीदरमध्ये त्याची बऱ्याच हिंदू लोकांशी ओळख झाली, आणि त्यांना त्याने सांगितलं की मी मुसलमान नाही, मी ख्रिस्ती आहे, माझं नाव अफनासी. जुन्नरला हेच उघड झालं तेव्हा घोडा गेला होता. तरीही त्याने सांगितलं.

आणि त्या लोकांनी त्याच्यापासून काही लपवलं नाही. जेवण कसं, व्यापार कसा, पूजा कशी, सगळं दाखवलं. घरातल्या बायकाही त्याच्यासमोरून आडोशाला गेल्या नाहीत. मग त्याचं लिखाण बदलतं. आता तो सांगतो की हे लोक मांस खात नाहीत, दिवसातून दोनदा जेवतात, रात्री जेवत नाहीत. उजव्या हाताने खातात, चमचा-सुरी घेत नाहीत. प्रवासात प्रत्येकाचं भांडं वेगळं. कुणा परक्याने भांड्यात डोकावलं तर ते अन्न खात नाहीत. एक जात दुसऱ्या जातीबरोबर जेवत नाही, लग्न करत नाही. बैलाला बाप म्हणतात, गाईला आई. शेणाच्या गोवऱ्यांवर स्वयंपाक करतात. चौलला ज्याला फक्त उघडी अंगं दिसली होती, त्याला आता घरातलं भांडं दिसतंय, आणि त्या भांड्याभोवतीची जातीची रेघही दिसतेय.

शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर 'पर्वत'ला गेला. म्हणजे श्रीशैलमला, मल्लिकार्जुनाच्या यात्रेला. एक महिन्याची वाट. तिथली मूर्ती बघून त्याला कॉन्स्टँटिनोपलचा जस्टिनियन बादशहाचा पुतळा आठवला, उजवा हात तसाच वर केलेला. समोर काळ्या पाषाणाचा, सोन्याने मढवलेला प्रचंड नंदी. लोक त्याच्या खुराला ओठ टेकवतात, फुलं उधळतात. हे यांचं जेरुसलेम आहे, असं तो म्हणतो. हिणवत नाही. आपल्या माणसांना समजावं म्हणून आपल्याकडचा शब्द वापरतो. आणि हो, माणशी कर किती आणि घोड्यामागे किती, तेही टिपून ठेवतो!

हरवलेलं पंचांग

आता ती पुस्तकं. व्होल्गावर लुटली गेली ती. त्या पुस्तकांत त्याच्या सणावारांचा हिशोब होता. ती गेल्यामुळे त्याला कळेनासं झालं की ईस्टर कधी, उपवास कधी. आकाशातल्या ताऱ्यांकडे बघून अंदाज करायचा. इथे लोक रमजानचे रोजे धरायचे, मग हाही त्यांच्याबरोबर उपाशी राहायचा, निदान काहीतरी उपवास घडला म्हणून. वर्षं जात होती आणि त्याला वाटत होतं की आपण कोण आहोत हेच आपल्या हातून निसटतंय. खानाची धमकी चार दिवसांची होती. हे मात्र रोजचं होतं.

त्याची भाषाही मिसळून गेली. ज्या गोष्टी गावाकडच्या लोकांनी वाचू नयेत असं वाटायचं त्या तो रशियन लिपीत, पण तुर्की-फारसी मिश्र बोलीत लिहायचा. बाजारातल्या बायकांबद्दलच्या चावट गोष्टी तशा लिहिल्या. आणि एक प्रार्थनाही तशीच लिहिली. देवा, रशियाची भूमी सांभाळ, तिच्यासारखी दुसरी नाही, जरी तिथले सरदार न्यायाने वागत नसले तरी. बघा, देशाची आठवण काढली, आणि ती काढताना सरदारांची तक्रारही विसरला नाही. म्हणूनच परक्या भाषेत लिहिलं असणार. त्याच्या वहीच्या शेवटी तर मोडक्यातोडक्या अरबीतली प्रार्थना आहे. तो शेवटी कुठल्या धर्माचा राहिला यावर अभ्यासक आजही वाद घालतात. मला विचाराल तर तो घरी जायला निघालेला माणूस होता, आणि ज्या शब्दांत देवाला हाक मारता येईल त्या शब्दांत मारत होता.

शेवटी दाभोळहून त्याने जहाज पकडलं. वाऱ्याने ते आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला नेलं. मग मस्कत, होर्मुझ, शिराझ, तबरीझ, काळा समुद्र ओलांडून काफा. तिथून उत्तरेला रशियाची वाट. पण स्मोलेन्स्कला पोचायच्या आधीच तो वारला. त्वेर काही त्याला पुन्हा दिसलं नाही.

वही मात्र पोचली. व्यापाऱ्यांनी ती मॉस्कोला नेली, 1475 साली ती दरबारातल्या एका अधिकाऱ्याच्या हाती आली, आणि तिथल्या बखरींत तिची नक्कल उतरवली गेली. पुढे कित्येक पिढ्या ती विसरली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासकार करमझिनला ती एका मठाच्या ग्रंथालयात सापडली. 1957 साली त्याच्यावर 'परदेसी' हा भारत-सोव्हिएत चित्रपट निघाला, ख्वाजा अहमद अब्बास आणि वसिली प्रोनिन यांचा, त्यात नर्गिस होती. रेवदंड्याला त्याचं स्मारकही आहे. अलिबागच्या बाजूला गेलात तर जरूर थांबा.

आणि पुढच्या वेळी कुणी परदेशी पाहुणा आपल्या गावात पहिल्यांदा आला, आणि कपड्यांबद्दल, जेवणाबद्दल, ट्रॅफिकबद्दल काहीतरी वेडंवाकडं बोलला, तर लगेच चिडू नका. निकितिननेही चौलला तेच केलं होतं. त्याला एकदा घरी जेवायला बोलवा, मग बघा काय लिहितो ते.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्यापैकी कुणी जुन्नर, पाली, चौल भागातलं असेल, आणि त्या जुन्या घाटवाटेने चाललं असेल, तर आम्हाला नक्की कळवा. 'उमरी' म्हणजे नेमकं कुठलं गाव यावर तुमचं मत ऐकायला आवडेल. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत नमस्कार.